स्वस्त रायफल आणि लहान कॅलिबर : ब्रिटनमधील नेमबाजी मंडळांची चळवळ

प्रस्तावना :

इ. स. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत झालेल्या बोअर युद्धाने ब्रिटिश लष्कराचा आत्मविश्वास हादरविला. सात मिलिमीटर माउझर रायफल हाती असलेले बोअर शेतकरी दूर अंतरावरून अचूक नेम साधत होते. उलट ब्रिटिश सैनिकाची नेमबाजी तोकडी पडत होती. सामान्य नागरिकास नेमबाजी शिकविली पाहिजे, हा विचार या अनुभवातून बळावला. परंतु ती कोणत्या रायफलीवर शिकवावयाची, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक असला तरी मुळात आर्थिक व सामाजिक होता.

नेमबाजीची संघटना ब्रिटनमध्ये नवी नव्हती. नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा १८६० मध्ये विम्बल्डन येथे भरली आणि १८९० पासून ती बिस्ली येथे भरू लागली. मात्र तेथील दूर पल्ल्याची नेमबाजी ही सवड व पैसा असणाऱ्यांचीच होती. कारखान्यातील कामगाराला रेल्वेचे भाडे, लष्करी काडतुसांचा खर्च आणि दिवसाचा बुडालेला रोज, यांतले काहीच परवडणारे नव्हते.

कॅलिबरचा प्रश्न :

लष्कराची ली-एनफिल्ड ही बोल्ट पद्धतीची रायफल ०.३०३ इंच कॅलिबरची होती. तिची सुमारे १४ ग्रॅम वजनाची गोळी दोन मैलांहूनही पुढे जाऊ शके. म्हणजे अशा चांदमारीसाठी मागे टेकडी अथवा निर्जन प्रदेश असलेली विस्तीर्ण जमीन हवी, आणि औद्योगिक शहरांत नेमकी तीच दुर्मिळ. यावर मॉरिस नळीचा एक तोडगा आधीपासून उपलब्ध होता. लष्करी रायफलीच्या नळीत बारीक नळी बसवून छोटी काडतुसे उडविण्याची ही युक्ती होती; पण तिच्यासाठी मूळ रायफल तर हाताशी असावीच लागे.

खरे उत्तर अमेरिकेतून आले. तेथे १८८७ मध्ये तयार झालेले ०.२२ लाँग रायफल काडतूस स्वस्त होते, त्याला धक्का जवळजवळ नव्हता आणि त्याची अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची शिशाची गोळी एका पोलादी पत्र्याने अडविता येई. त्यामुळे शाळेचे सभागृह किंवा एखादे तळघरसुद्धा २५ यार्डांच्या चांदमारीस पुरेसे ठरले. रायफलीच्या किमतीपेक्षाही जागेच्या व काडतुसांच्या या बचतीने निवड निश्चित केली, असे म्हणणे अधिक योग्य होईल. रायफल एकदाच घ्यावयाची असते, काडतुसे दर आठवड्याला लागतात.

१९०१ मध्ये कामगारांच्या रायफल मंडळांसाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे तिला सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज हे नाव मिळाले. भारतात सरसेनापती राहिलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी या चळवळीस आपली प्रतिष्ठा दिली. टीकाकारांचा आक्षेप मात्र बिनतोड होता : वारा, अंतराचा अंदाज आणि रायफलीचा धक्का हे २५ यार्डांवर शिकता येत नाही. समर्थकांच्या मते श्वास रोखणे, नेम धरणे व चाप हळुवार दाबणे एवढे तरी तेथे पक्के होत असे.

युद्धखाते व मंडळे :

१९०६ च्या सुमारास युद्धखात्याने ०.२२ कॅलिबरच्या बोल्ट पद्धतीच्या स्वस्त रायफलीचा नमुना मान्य केला. नागरिकाचा हात लष्करी रायफलीस सरावावा, हा त्यामागील हेतू. स्पर्धकांनी मात्र हळूहळू बी.एस.ए. कंपनीच्या मार्टिनी पद्धतीच्या एकबारी रायफलीस पसंती दिली. ती लष्करी रायफलीसारखी नव्हती, पण नेम चांगला लागत होता. राष्ट्रसंरक्षणासाठी उभारलेली चळवळ क्रीडेकडे वळल्याची ही खूण होय. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लहान कॅलिबरच्या स्पर्धा झाल्याच. बोल्ट पद्धत अव्वल स्पर्धांत पुन्हा प्रबळ झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जर्मन अॅनशुट्झ रायफलींमुळे.

भारतात या चळवळीचे लोण पोहोचणे कठीण होते. ज्या साम्राज्याला मायदेशी प्रत्येक कामगाराच्या हाती रायफल हवी होती, त्यानेच १८७८ च्या शस्त्रकायद्याने भारतीयांस परवान्याखाली जखडले होते. राष्ट्रीय पातळीवरील संघटना १९५१ मध्ये, लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. स्वातंत्र्यानंतरही ०.३०३ हे लष्करी कॅलिबर खाजगी परवानाधारकास वर्ज्य राहिले. सरकारी कारखान्यांची ०.३१५ रायफल त्याऐवजी मिळे. नेमबाजीच्या स्पर्धांसाठी ०.२२ हेच काडतूस उरले. तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील जागतिक विजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ मधील ऑलिंपिक कांस्यपदक, ही कोल्हापूर जिल्ह्याला मिळालेली दोन्ही यशे याच काडतुसाच्या ५० मीटर प्रकारांतील आहेत.