राजाची गाठ

राजाच्या उजव्या डोळ्याच्या वर गाठ आली ते साल २००३. सुपारीएवढी, हाताला दगडासारखी. आप्पा म्हणाले, धडकला असेल कुठंतरी. जनावरांच्या डॉक्टरांनी चाचपून सांगितलं, "हाड वाढलंय. वय झालं आता, त्रास नका देऊ त्याला." पुढचं घरच्यांना माहीत आहेच. असो.

परवा ताईनं फोनवर विचारलं, "तेव्हा खरंच काही करता आलं नसतं का रे?" म्हणून वाचत बसलो.

कुत्र्यांच्या कवटीला होणाऱ्या एका कॅन्सरचं नाव आहे मल्टिलोब्युलर ऑस्टिओकाँड्रोसार्कोमा (दमलात ना?). एक्स-रेत ही गाठ लाह्यांच्या लाडवासारखी दिसते. वाढते सावकाश, पण आत मेंदूकडेही सरकते. मुख्य उपाय एकच, भोवतीच्या निरोगी हाडासकट गाठ कापून काढणं. आता किती कापायचं हे साध्या एक्स-रेत नीट कळत नाही, तिथं सीटी स्कॅन लागतो. माणसाचा पहिला सीटी स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये झाला. कुत्र्यांची पाळी अर्थातच नंतर. गाठ पूर्ण निघाली नाही तर रेडिएशन देतात. केमोथेरपीचा भरवसा कमी.

१९९८ साली एक शोधनिबंध आला. १९७९ ते १९९३ या काळातल्या ३९ कुत्र्यांचा हिशेब त्यात आहे. उपचारानंतर सुमारे निम्म्यांची गाठ परत आली, निम्म्याहून जास्त जणांत कॅन्सर शरीरात इतरत्र पसरला. तरीही जगण्याचा मध्यांक ८०० दिवसांच्या आसपास! खालच्या जबड्यात गाठ असलेले तर आणखी पुष्कळ जगले. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे काय, हे ज्यानं कुत्रा पाळलाय त्याला सांगायला नको.

आणि मग २०१८. अमेरिकेतली पॅचेस नावाची डॅशहंड कुत्री. डोक्यावर संत्र्याएवढी गाठ, मेंदूवर आणि डोळ्याच्या खोबणीवर दाब. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या मिशेल ओब्लाक यांनी कॉर्नेलच्या गॅलिना हेज यांच्यासोबत तिच्या कवटीचा वरचा सुमारे ७० टक्के भाग काढला आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेली टिटॅनियमची कवटी बसवली. पूर्वी सर्जन ऑपरेशन चालू असतानाच टिटॅनियमची जाळी हातानं वाकवून बसवत. इथं सीटी स्कॅनवरून संगणकात आधीच सगळी कापाकापी करून मापाचा तुकडा तयार होता. अर्ध्या तासात बाईसाहेब जाग्या होऊन इकडेतिकडे बघायला लागल्या. (आठवड्याभरात मणक्याची चकती सरकून तिचे मागचे पाय गेले, ते दुखणं वेगळंच.) ओब्लाकबाईंना हे तंत्र पुढं माणसांच्याही उपयोगी पडेल असं वाटतं.

राजाला नेमका हाच कॅन्सर होता का, कोण सांगणार? तपासणीच झाली नाही. पण २००३ साली तो शोधनिबंध छापून पाच वर्षं झाली होती. "वय झालं" हे आम्ही सगळ्यांनी किती पटकन मान्य केलं! राजा तेव्हा नऊ वर्षांचा होता. पॅचेसही नऊच वर्षांची.

ताईला हे फोनवर सांगणार होतो. जमलं नाही, म्हणून इथं लिहिलं.