कामाठीपुरा : लाज नेमकी कोणाची?

मुंबईच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी प्रवेश-अर्ज तपासताना एका मुलाने पत्त्याच्या रकान्यात ‘नागपाडा’ लिहिलेले दिसले. रेशनकार्डावर मात्र कामाठीपुऱ्याची गल्ली होती. विचारले, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “सर, तो पत्ता वाचला की लोक आईकडे वेगळ्या नजरेने बघतात.” मी गप्प झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मीही एकेकाळी नुसते गावाचे नाव लिहून वाडा गाळत असे. ही लाज मला ओळखीची होती. ती मुळात कोणाची, हे ठरवायचे तर वस्तीचा इतिहास पाहिला पाहिजे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून समुद्राचे पाणी अडवले गेले आणि मधली खोलगट दलदल हळूहळू राहण्याजोगी झाली. शहर बांधायला निजामाच्या मुलखातून तेलुगू मजूर आले. त्यांना कामाठी म्हणत. त्यांची वस्ती म्हणून कामाठीपुरा. म्हणजे जे नाव घेताना पांढरपेशा माणूस आवाज खाली आणतो, ते नाव धंद्याचे नाही, श्रमाचे आहे. शेजारच्या फोरास रोडचेही तसेच. पोर्तुगीज ‘फोरा’ म्हणजे बाहेर. किल्ल्याबाहेरच्या खाजण जमिनीशी हा शब्द जोडला गेला. ‘बाहेर’ म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

रॉबर्ट ग्रँट हा १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या नावाच्या रस्त्यावर १८४६ मध्ये नाटकगृह उभे राहिले. जगन्नाथ शंकरशेट यांचा त्यात पुढाकार होता. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांचे प्रयोग तेथे झाले, त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही रंगभूमीवर आली. मग एकामागून एक नाटकगृहे निघाली आणि ‘प्ले हाऊस’चे लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झाले. नाटकामागून तमाशा आला, तमाशामागून सिनेमा. ब्राह्मण पठ्ठे बापूराव आणि महारांची पवळा यांच्या फडाने मुंबई गाजवली. पण बापूराव शाहीर म्हणून इतिहासात गेले आणि पवळा त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग होऊन उरली. रात्रीच्या करमणुकीचा हिशेब आपल्याकडे असाच मांडला जातो.

या वस्तीला आजचे रूप आले ते आपोआप नव्हे. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून सरकारने १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्यात बाईची नोंदणी आणि तिची सक्तीची तपासणी होती. पुरुषाची नव्हती. १८८८ मध्ये तो रद्द झाला, पण सरकारी कागदावर चिकटलेली ओळख पुसली गेली नाही. दुसरीकडे गिरण्या आणि गोदी गावोगावचे पुरुष ओढत होत्या. बायकामुलांना राहायला जागा नव्हती, पगार पुरत नव्हता. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या. ज्या भांडवलाने घरे मोडली, त्यानेच ही बाजारपेठ उभी केली.

आणि माल कोठून आला? शब्द कठोर आहे, पण बाजाराचा शब्द तोच. दुष्काळाने आला, कर्जाने आला, फसवणुकीने आला आणि देवाच्या नावाने आला. यल्लम्माला, खंडोबाला सोडलेल्या मुली कोणत्या जातींच्या होत्या, हे आपल्याला ठाऊक आहे. १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा झाला तरी गावातून गल्लीकडे येणारी वाट बंद झाली नाही.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब याच स्त्रियांसमोर उभे राहिले. येवल्याच्या घोषणेला पाठिंबा देण्यासाठी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी जमल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांची खोटी स्तुती केली नाही. हे जिणे सोडा, आमच्याबरोबर यायचे तर ते सोडूनच या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पोट कसे भरायचे ते मी सांगणार नाही, मार्ग शेकडो आहेत, असेही म्हणाले. हे भाषण आपण बहुधा त्या स्त्रियांना दिलेली ताकीद म्हणून वाचतो. मला त्यात एक निमंत्रणही दिसते. ज्यांना कोणी सभेला बोलावत नव्हते, त्यांना ते चळवळीत बोलावत होते. मग ते शेकडो मार्ग मोकळे करण्याचे काम कोणाचे होते? त्या एकट्या बाईचे, की तिला सोबत घेणाऱ्या समाजाचे? आपण बाबासाहेबांचा हुकूम लक्षात ठेवला आणि स्वतःचा वाटा विसरलो.

१९७२ मध्ये नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने ही वस्ती मराठी साहित्याच्या दिवाणखान्यात आणून उभी केली. आपण त्या कवितेवर परिसंवाद घेतले, मीही प्रबंध वाचले. पण परिसंवाद संपल्यावर आपल्यातले किती जण त्या गल्लीत एखाद्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यासाठी गेलो?

आता तेथे पुनर्विकासाची भाषा चालू आहे. जमिनीला भाव आला आहे, बायका पांगत आहेत. घर मिळेल ते ज्याच्या नावाची पावती त्याला. खाटेपुरती जागा भाड्याने घेणाऱ्या बाईकडे पावती कोठून असणार? १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क असल्याचे बजावले. तो हक्क टॉवरच्या नकाशात कोठे बसतो, हे कार्यकर्त्यांनी आजच विचारले पाहिजे.

त्या मुलाला मी नंतर बोलावले आणि हा इतिहास सांगितला. त्याने अर्जावरचा पत्ता बदलला नाही. मीही आग्रह धरला नाही. लाज त्याची नव्हतीच. ज्यांची आहे त्यांनी आधी आपला पत्ता लिहावा.