सायकलवरून आलेली पाहुणी

काही वर्षांपूर्वी मी पुण्याहून एकटाच सायकलवर महाबळेश्वरला निघालो होतो. वाई सोडलं आणि पसरणीचा घाट चढण्याआधी एका टपरीवर चहाला थांबलो. बाकावर एक म्हातारबा बसले होते. त्यांनी ओळीनं तीन प्रश्न विचारले. "कुठनं आला? एकटंच? आडनाव काय म्हणायचं?"

तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक असतो. पण मी घामानं भिजलेला, धापा टाकणारा माणूस. माझ्याशी सावध राहण्यासारखं त्यांना काही दिसलं नसावं. दुसरा चहा येईपर्यंत ते आपणहून बोलू लागले. मुलगा मुंबईला, नातवंडं तिकडेच शिकणार, मग रान कोण कसणार? "पुढं कसं व्हायचं, तुम्हीच सांगा," म्हणाले. मी काय सांगणार? पण त्या दिवशी मला डर्व्हला मर्फी या आयरिश बाईंची फार आठवण झाली.

मर्फीबाईंचा जन्म १९३१चा, आयर्लंडच्या दक्षिणेकडील लिस्मोर या लहानशा गावातला. दहाव्या वाढदिवसाला त्यांना एक जुनी सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक मिळालं. तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं, की एक दिवस सायकलनं भारतात जायचं. पण आई संधिवातानं अंथरुणाला खिळलेली. तिच्या सेवेसाठी चौदाव्या वर्षी शाळा सुटली. आईवडील दोघंही गेल्यावर, जानेवारी १९६३मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या फ्रान्समधल्या डंकर्कहून निघाल्या आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत त्याच वर्षी दिल्लीला पोहोचल्या. आशियातल्या रस्त्यांवर नाजूक गिअर टिकायचे नाहीत, म्हणून ते त्यांनी आधीच काढून टाकले होते!

हा प्रवास पुष्कळांना माहीत आहे. मला मात्र त्यांचा दुसरा, कमी अंतराचा प्रवास जास्त अवघड वाटतो. १९७६मध्ये त्या सायकल घेऊन उत्तर आयर्लंडला गेल्या. स्वतःच्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला!

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १९२१मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथले बहुसंख्य प्रॉटेस्टंट ब्रिटनशी बांधलेले, तर बहुतेक कॅथलिकांची ओढ दक्षिणेकडे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथं हिंसाचार भडकला आणि तो जवळजवळ तीस वर्षं चालला. साडेतीन हजारांहून अधिक माणसं मेली. शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या. नाव सांगितलं की माणूस कुठल्या बाजूचा ते कळे. एका शहराला कुणी 'डेरी' म्हणतो की 'लंडनडेरी', यावरूनही कळे. आपल्याकडच्या आडनावाच्या प्रश्नासारखंच हे. पण तिथं उत्तरावर जीव अवलंबून असे.

त्याच वर्षीची ५ जानेवारीची संध्याकाळ घ्या. आदल्या दिवशी आर्मा परगण्यात दोन कॅथलिक घरांवर गोळीबार होऊन सहा जणांचा बळी गेला होता. आता त्याच परगण्यात किंग्जमिल या ठिकाणी कापड गिरणीतल्या कामगारांची गाडी बंदूकधाऱ्यांनी अडवली. "तुमच्यात कॅथलिक कोण?" असं विचारलं. बारा जणांत एकच कॅथलिक होता. याला मारणार, असं वाटून शेजारच्या प्रॉटेस्टंट सोबत्यांनी त्याला पुढं जाऊ दिलं नाही. पण बंदूकधाऱ्यांनी त्याला पळून जायला सांगितलं आणि उरलेल्या अकरा जणांवर गोळ्या झाडल्या. दहा जण मेले.

अशा वर्षात 'मर्फी' हे आडनाव घेऊन, एकटी बाई, अनोळखी माणसांशी बोलत हिंडते! वडील तर इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले. म्हणजे बाजू उघडच होती. तरीही दोन्हीकडच्या घरांत त्यांना चहा मिळाला आणि दोन्हीकडची माणसं मोकळी झाली. का? मला वाटतं, सायकलवाला माणूस दुरूनच दिसतो, सावकाश येतो आणि त्याला आपली गरज असते. कधी पाणी, कधी रस्ता, कधी पावसात आडोसा. ज्याला आपण काही दिलं, त्याचं भय कमी होतं.

या माणसांच्या बोलण्यात उद्याची काळजी भरलेली होती. कॅथलिकांना वाटे, आपण या प्रांतात कायम दुय्यमच राहणार. प्रॉटेस्टंटांना वाटे, उद्या आयर्लंड एक झालं, तर त्यात आपण बुडून जाऊ. भीती एकच, तोंडं दोन दिशांना. दक्षिणेतून सोबत आणलेली आपली मतंही मर्फीबाईंना तपासून घ्यावी लागली. 'अ प्लेस अपार्ट' या पुस्तकात त्यांनी हे सारं लिहिलं. ते १९७८मध्ये आलं. ख्रिस्तोफर युअर्ट-बिग्ज हे ब्रिटनचे डब्लिनमधले राजदूत जुलै १९७६मध्ये गाडीखालच्या स्फोटात मारले गेले होते. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेलं पारितोषिक १९७९मध्ये या पुस्तकाला मिळालं.

१० एप्रिल १९९८ला बेलफास्टमध्ये करार झाला. त्यात दोन गोष्टी ठळक आहेत. उत्तरेतल्या माणसानं स्वतःला ब्रिटिश म्हणावं, आयरिश म्हणावं किंवा दोन्ही. तो त्याचा हक्क. आणि तिथल्या बहुमताच्या संमतीशिवाय प्रांताचं भवितव्य बदलायचं नाही. म्हणजे बावीस वर्षांपूर्वी चहाच्या टेबलावर बोलल्या गेलेल्या त्या दोन भीतींनाच दिलेलं हे उत्तर. मर्फीबाईंमुळे करार झाला, असं मी मुळीच म्हणत नाही. तो पुष्कळांच्या कष्टांनी झाला, आणि २०१६मध्ये ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिल्यावर सरहद्दीचा प्रश्न पुन्हा डोकं वर काढू लागलाच. पण उत्तर शोधायचं, तर आधी भीती कुणीतरी नीट ऐकून घ्यावी लागते, एवढं मात्र खरं.

२२ मे १९९८ला उत्तरेतल्या एकाहत्तर टक्के मतदारांनी कराराला होकार दिला. बरोबर चोवीस वर्षांनी, २२ मे २०२२ला मर्फीबाई नव्वदाव्या वर्षी लिस्मोरला वारल्या.

पसरणीच्या पायथ्याच्या त्या म्हातारबांना मी काहीच उत्तर देऊ शकलो नाही. चहाचे पैसे मात्र त्यांनी मला देऊ दिले नाहीत. "पाहुणं हायसा," म्हणाले. आडनाव तोवर त्यांच्या लक्षातही राहिलं नसावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)