हप्त्याची तारीख
श्रीगोंदे तालुक्यातला सारा, कर्ज आणि संसारखर्च

दोन वर्षांपूर्वी दिवाळीतच घडलेली गोष्ट. माझे थोरले मेव्हणे पुण्यात बँकेत होते, आता निवृत्त आहेत. फराळाला बसलो असता ते सहज म्हणाले, "दाजी, तुमचं बरं आहे. शेतकऱ्याला ना कर, ना हिशेब. आमचा निम्मा जन्म कर भरण्यात गेला." त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. मीही हसलो, पण उत्तर मात्र सुचले नाही.

गावी परतल्यावर वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. तीत शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या होत्या आणि वडिलांच्या हातची एक खर्चाची वही होती. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. शिक्षण बारावीला थांबले. पुढचे जे काही, ते नगरच्या आणि पुण्याच्या ग्रंथालयांत बसून. पण मेव्हण्यांच्या वाक्याने एक प्रश्न डोक्यात घातला: आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याने गेल्या दीडशे वर्षांत मिळवले काय, सरकारला दिले काय आणि घरात उरले काय? या लेखात त्याचीच मांडणी आहे.

सारा थोडा, व्याज फार

जुन्या कागदांतले चांभारगोंदे म्हणजेच आजचे श्रीगोंदे. शेख महंमदांचा दर्गा आणि शिंदे सरकारचा वाडा ही बाहेरच्यांना माहीत असलेली ओळख. माझ्या दृष्टीने तालुक्याची तिसरी ओळख १८७५ सालची आहे. त्या वर्षीच्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. ते लोण पाहता पाहता भीमा-घोड ओलांडून नगर जिल्ह्यात आले आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांतली गावे पेटली. 'पेटली' म्हणतो खरा, पण बहुतेक ठिकाणी पेटले ते कागद. लोकांना हवी होती कर्जरोखे आणि हुकूमनामे. सावकाराने ती निमूटपणे दिली तेथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ माणसे पकडली गेली.

या दंग्यांवर नेमलेल्या आयोगाने नगर जिल्ह्यातल्या १२ गावांची बारकाईने तपासणी केली. त्यात जवळजवळ एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आढळले. त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या साऱ्याच्या अठरापट होते, आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश कर्जाला जमीन गहाण होती.

हा 'अठरापट'चा आकडा मी कितीतरी वेळा वाचला होता. त्याचा हिशेब मात्र कधी करून पाहिला नव्हता. समजा, एका कुणब्याचा सारा वर्षाला १० रुपये आहे. अठरापट म्हणजे कर्ज १८० रुपये. त्या काळी सर्रास चालणारा दरमहा शेकडा दोन हा दर धरला, तर वर्षाचे व्याज ४३ रुपयांवर जाते. म्हणजे सरकारला १० आणि सावकाराला ४३. मुद्दल जागच्या जागी.

मग भांडण साऱ्याचे होते की सावकाराचे? अभ्यासकांत यावर बराच वाद झाला आहे. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर, भीमथडी या तालुक्यांत १८६७ नंतर फेरआकारणी होऊन सारा एकदम वाढला, आणि दंग्यांचे मूळ त्यात आहे, असे बरेच जण मांडतात. नील चार्ल्सवर्थ या अभ्यासकाने त्यावर आक्षेप घेतला: नगरच्या ज्या तालुक्यांत दंगे झाले तेथे फेरआकारणी तोवर लागूच झालेली नव्हती. आकडा पाहिला तर हा आक्षेप बिनतोड आहे. आमच्या तालुक्याला वाढीव साऱ्याने मारले, असे म्हणता येत नाही.

पण सारा किती, एवढेच पाहून भागत नाही. तो कधी आणि कशात द्यायचा, हेही पाहिले पाहिजे. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी वेगळे टिपण लिहून महसूलपद्धतीवर बोट ठेवले. पाऊस येवो न येवो, सारा ठरलेला, तोही रोख, आणि हप्ता ठरल्या तारखेला. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. चार वर्षांत एखादे साल भरपूर, दोन बेताची, एक कोरडे. तीस वर्षांसाठी ठरवलेला सारा सरासरी सालावर बेतलेला असतो. पण सरासरी नावाचे साल कुणब्याच्या शेतात कधी उगवत नाही. ज्वारी खळ्यात असते, भाव पडलेला असतो आणि पाटील हप्त्यासाठी दारात उभा असतो. अशा वेळी दहा रुपये रोख असणारे घर गावात एकच: सावकाराचे.

म्हणजे सारा ही कर्जाच्या साखळीची पहिली कडी होती. कडी लहान, पण पुढची साखळी तिच्यातच ओवलेली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या भल्याचा होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. त्यातच १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळू लागली, सावकाराचा हात सैल झाला. युद्ध संपले, भाव उतरले. रोखे तेवढे राहिले.

रत्तलभर धान्याचा संसार

दंग्यांच्या दुसऱ्याच वर्षी दुष्काळ आला. १८७६-७७ च्या त्या दुष्काळात जगायला किती लागते, हे सरकारने स्वतःच ठरवून दिले. दुष्काळी कामावर पुरुषाला आरंभी दिवसाला दोन आणे मिळत. रुपयाला सोळा रत्तलांहून कमी धान्य मिळू लागले, तेव्हा एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा, असा दर झाला. जानेवारी १८७७ मध्ये वरचा आणा अर्ध्यावर आला. रिचर्ड टेंपल यांच्या काटकसरीमुळे ही मजुरी त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

रुपयाला बारा रत्तल असा भाव धरून पाहू. अर्ध्या आण्यात रत्तलाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. म्हणजे दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याची कमाई आजच्या मापाने सव्वासहाशे ग्रॅम धान्य. मीठ, सरपण, कापड सगळे त्यातूनच. हजारो मजूर काम सोडून घरी गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कपातीविरुद्ध सरकारशी झगडा मांडला. याच सुमारास दादाभाई नवरोजी हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वर्षाला २० रुपये असल्याचे आकडेमोडीने दाखवत होते. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर जो खर्च होतो त्याच्या खाली मोकळ्या माणसाचे उत्पन्न आहे, हे त्यांनी प्रांतवार तक्त्याने मांडले.

याच दुष्काळाच्या काळात दौंड-मनमाड लोहमार्गाचे काम होऊन १८७८ मध्ये गाडी सुरू झाली. आमच्या तालुक्यातून जाणारा हा रूळ पुढच्या पिढ्यांना मुंबईचा रस्ता झाला. पण त्याच वर्षी मिठावरचा करही मणाला अडीच रुपयांवर गेला. साऱ्याची सूट मागता येत असे. मिठाच्या कराची सूट कोण मागणार? तो चिमटीचिमटीने भरला जाई आणि भरणाऱ्याला कळतही नसे. ही गोष्ट पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनचा शेतकरी संरक्षण कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. सावकारानेही वाट काढली. गहाणखताऐवजी तो सरळ खरेदीखत मागू लागला. 'पैसे दिलेस की जमीन परत' हा करार तोंडी. आमच्या भागात 'विश्वासाचं खरेदीखत' हा शब्द आजही ऐकू येतो.

डॉ. मान यांची गावे

शेतकऱ्याच्या घरात उरते काय, याचा घरोघर जाऊन हिशेब घेणारा पहिला महत्त्वाचा अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांचा. त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर पाहिले, तो ग्रंथ १९१७ चा. नंतर ना. वि. कानिटकर यांच्यासह शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक घेतले, तो १९२१ चा. जातेगाव आमच्या शेजारच्या तालुक्यातले. पाऊस तोच, ज्वारी-बाजरी तीच. म्हणून मी त्याला आमचाच आरसा मानतो.

मान यांनी कुटुंबांचे तीन गट पाडले. नुसत्या जमिनीवर भागणारी. जमीन आणि बाहेरची मजुरी मिळून भागणारी. आणि दोन्ही मिळूनही न भागणारी. पिंपळे सौदागरात तिसऱ्या गटात सुमारे दोन तृतीयांश कुटुंबे निघाली. जातेगावात हे प्रमाण शंभरात सुमारे पंच्याऐंशी होते.

आता शंभर वर्षे ओलांडून येऊ. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आले, महाराष्ट्रात ११,४९२. देशाच्या आकड्यात मजुरी-पगाराचा वाटा ४,०६३ रुपये, पिकांचा ३,७९८. शेतकरी कुटुंबाची शेतीतली कमाई मजुरीपेक्षा कमी! मान यांचा दुसरा गट आज देशाची सरासरी होऊन बसला आहे.

अर्थात श्रीगोंदे जातेगावासारखे कोरडे राहिले नाही. घोड आणि कुकडीचे कालवे आले, सहकारी साखर कारखाने उभे राहिले, लिंबाच्या बागा झाल्या. पाणी मिळालेला आणि न मिळालेला, असे एका तालुक्याचे दोन तालुके झाले. आमची जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला आहे. एवढे सांगितले की पुरे.

कर गेला कुठे?

आता वडिलांच्या पावत्या. साऱ्याचा मूळ आकडा रुपया-पैशांत, हसू येईल इतका लहान. कारण उघड आहे: आकारणी जुन्या रुपयांत झालेली आणि रुपया दरम्यान झिजून गेला. त्याच पावतीवर साऱ्याच्या सातपट जिल्हा परिषदेचा उपकर आणि एकपट ग्रामपंचायतीचा. लेकरू आईपेक्षा मोठे. तरी सगळे मिळून रक्कम किरकोळच. शेतीचे उत्पन्न १८८६ च्या कायद्यापासून प्राप्तिकराबाहेर आहे. म्हणजे मेव्हण्यांचे म्हणणे कागदावर खरे.

पण मिठाची गोष्ट आठवा. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. खतावर ५ टक्के, ट्रॅक्टर आणि ठिबकवर १२, कीटकनाशकांवर १८. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि ठिबक ५ टक्क्यांवर आले, ही दिलाशाची बाब. व्यापारी खरेदीवर भरलेला कर पुढे वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही, कारण त्याच्या मालावर कर नाही आणि भावही तो ठरवत नाही. कर नाहीसा झालेला नाही. पावतीवरून उठून तो बाटलीत आणि गोणीत जाऊन बसला आहे.

हे सगळे मी मेव्हण्यांना लिहून कळवणार होतो. तेवढ्यात वहीतली १९७२-७३ ची पाने निघाली. त्यात आईची मजुरी लिहिली आहे, नालाबांधाच्या कामावरची. रक्कम काही रुपयांची, आठवड्याला. वडिलांनी पुढे एकच शब्द लिहिलाय: 'ज्वारी'. आई अजून सांगते, "सुकडी खाऊन दिवस काढले, पण गाव सोडावं लागलं नाही."

त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला, आणि पगारातून कापला जाणारा तो कर मुंबई-पुण्याच्या नोकरदारांनी भरला. २६ जानेवारी १९७९ पासून हमीचा कायदा अमलात आला. माझे मेव्हणे बँकेत लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत दरमहा ती कपात सोसत होते. आमच्या गावच्या पाझर तलावात त्यांच्या पगारातले चार पैसे आहेत, हे त्यांना माहीत नव्हते. मलाही नव्हते. तेव्हा नुसते 'आम्हीही भरतो' असे उत्तर द्यायला माझी लेखणी धजेना. मागच्या दिवाळीत त्यांना वही दाखवली आणि ही गोष्ट सांगितली. ते बराच वेळ पान उलटत राहिले. मग म्हणाले, "मग हिशेब कुठे चुकतोय, दाजी?"

माझ्या समजुतीप्रमाणे तो तारखेत चुकतो. सोसायटीचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरले तर व्याजाची सवलत. कांदा तेव्हा वावरात किंवा चाळीत, भाव नाही, हातात रोकड नाही. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावात हातउसन्याची धावपळ होते. कुणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवे कर्ज उचलायचे आणि त्यातून हातउसने फेडायचे. याला आमच्याकडे 'नवं-जुनं करणं' म्हणतात. गेल्या मार्चमध्ये मीही केले. आठ दिवसांचे जे व्याज मोजले, ते माझ्या वर्षाच्या साऱ्याहून कितीतरी जास्त होते.

१८७५ पूर्वीचा कुणबी दर तीन वर्षांनी रोखा नवा करीत असे. आम्ही दर वर्षी करतो. त्याला तुरुंगाची भीती होती, आम्हाला नाही. त्याच्या मागे कोणती योजना नव्हती, आमच्या मागे आहे. फरक मोठा आहे आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण हप्त्याची तारीख आणि पिकाची तारीख यांची गाठ दीडशे वर्षांत पडलेली नाही. वडिलांच्या वहीतली बरीच पाने अजून कोरी आहेत. या मार्चचा हिशेब मी तीतच लिहून ठेवला आहे, त्यांच्याच पद्धतीने: रक्कम, तारीख, आणि पुढे एक शब्द. 'नवं-जुनं'.