गाभणीच्या पेंढ्या

कर्जत तालुका रब्बीचा. हस्ताच्या पावसावर ज्वारी, आणि ज्वारीवर माणूस नि जनावर दोघंही. दाणा बळदात, ताट बुचाडात. बुचाड लावताना आमची आजी मालदांडीच्या भरपूर पाल्याच्या पेंढ्या एका अंगाला काढून ठेवायची. “गाभणीच्या हायेत, बैलाम्होरं टाकू नगा,” एवढंच सांगायची. कारण मला फार पुढं जनावरांच्या डॉक्टरकडून कळलं. शेवटच्या दोन महिन्यांत वासरू पोटात जागा धरतं, गाईला खाणं कमी जातं. मग नुसती जाड धाटं घालून भागत नाही. थोडक्यात अंगी लागेल असा पाला लागतो. व्याल्यावर वेगळंच. दुधासाठी भरडा वाढतो, तेव्हा चावायला जाडीभरडी वैरण हवीच. रवंथ झाला की लाळ सुटते आणि ती पोटातलं आम्ल मारते. चोथा कमी पडला की शेण पातळ, गाय सुस्त, आणि डेअरीत फॅट लागत नाही. फॅट घसरली की भाव घसरला, हे तर पोरंही सांगतील.

1964 साली सीएसएच-1 ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. बुटकी. तिचा दाणा सगळ्यांनी मोजला. कडबा कोणी मोजला? आमच्याकडं रब्बीत मालदांडी टिकली ती वैरणीपायी, असं माझं मत आहे.

1972 ला तीही नव्हती. माणसं खडी फोडायला गेली, सुकडीवर राहिली. जनावराला सुकडी कुठली?

2019 च्या दुष्काळात छावण्या होत्या. मोठ्या जनावरामागं सरकार दिवसाला आधी 90, मग 100 रुपये देत होतं. उसावर, वाढ्यांवर जनावरं जगली, हे कबूलच. पण वाढ्यांत ऑक्झलेट असतं. रोज तेच पोटात गेलं की ते कॅल्शियम धरून बसतं, अंगी लागू देत नाही. आणि ताज्या व्यालेल्या गाईचं कॅल्शियम तर आधीच दुधावाटे जात असतं. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. तेवढी उठाठेव छावणीत कोण करणार?

तिथं एका म्हाताऱ्यानं खाटेखाली कडब्याच्या चार पेंढ्या दडवल्या होत्या. निजानीज झाली की तो उठायचा आणि एकेक ताट मोडून आपल्या गाभण गाईच्या तोंडात द्यायचा.