दाणापात्र (पक्ष्यांचे)

परसात, गच्चीवर किंवा गॅलरीत पक्ष्यांना धान्य ठेवण्याचे साधन. चिमणी, मुनिया यांसारख्या दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांना बाजरी, राळे, तांदळाची कणी चालते. शेव-फरसाण आणि खारे शेंगदाणे कधीही घालू नयेत. शिंजीर व तांबट दाण्याकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी जास्वंद, उंबर लावणे बरे. उघड्या ताटलीचा ताबा कबुतरे घेतात, म्हणून छोट्या बैठकीची, छिद्रांतून दाणा देणारी उभी नळी अधिक योग्य.

साधनापेक्षा जागेची निवड महत्त्वाची. मांजर दबा धरू शकेल अशा झुडपापासून पात्र सुमारे ३ मीटर दूर असावे. मात्र शिक्रा आल्यास लपायला झाड जवळपास हवेच. खिडकीच्या काचेपासून १ मीटरच्या आत टांगल्यास उडालेला पक्षी वेग घेण्याआधीच काचेशी पोहोचतो आणि सहसा बचावतो. तसे जमत नसेल, तर ते १० मीटरपलीकडे न्यावे. मधले अंतर घातक ठरते. ओल्या दाण्याला बुरशी येते, साचलेल्या विष्ठेतून साल्मोनेला पसरतो. त्यामुळे दोन आठवड्यांतून एकदा, पावसाळ्यात त्याहून लवकर, पात्र धुऊन वाळवावे. चिमणीची पिले प्रामुख्याने किड्यांवर वाढतात. परसात कीटकनाशक फवारले जात असेल, तर नुसत्या दाण्याने चिमण्या टिकणार नाहीत.