अनुकरण आणि चौर्य

ठाण्याच्या नाट्यगृहास राम गणेश गडकऱ्यांचें नांव आहे. कल्याणच्या नाट्यगृहास त्यांना गुरु मानणाऱ्या आचार्य अत्र्यांचें. याच अत्र्यांनीं १९२५ सालीं ‘झेंडूचीं फुलें’ या संग्रहांत आपल्या काळच्या कवींचें विडंबन केलें. मूळ कविता ठाऊक असल्याखेरीज विडंबनाची गोडी कळत नाहीं. म्हणजे विडंबन वाचकास मूळ कवीकडेच वळवितें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेंहि हौशी मंडळीनें प्रेक्षकांकडून पैसा न घेतां केलेला नाट्यप्रयोग हा हक्कभंग मानलेला नाहीं. चित्रपट-कंपन्यांनीं रसिकांच्या अनुकृतींविषयीं हाच विवेक बाळगावा. मूळ कर्त्याचें नांव सांगून निर्लोभपणें केलेली अनुकृति ही भक्ति. नांव लपवून विकलेली ती चोरी. भक्तीस दंड झाला, तर उद्यांचा नाटककार आजच मुका होईल.